वयाची अट
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांना बक्षिसे देतो, पंचाहत्तरी गाठलेल्या वडीलधाऱ्यांना शाल-श्रीफळ देतो. या दोहोंच्या मधला, पन्नाशीत नोकरी गमावलेला गृहस्थ मात्र आपल्या कार्यक्रमपत्रिकेत कोठेच नसतो. मुलांची फी आणि घराचे हप्ते त्याच्याच शिरावर असतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे हजारोंना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. साच्यावर वीस-वीस वर्षे घालविलेल्या हातांना कोणी पहारेकऱ्याची काठी दिली, कोणी भाजीची पाटी. कित्येक गावी परतले. संपाने त्यांचे काम गेले. वयाने दुसऱ्या कामाचे दार बंद केले.

कायदा येथे अर्ध्या वाटेवरच थांबतो. कामगारकपात करताना सर्वसाधारणपणे शेवटी आलेल्याने प्रथम जावे, हे तत्त्व १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात आले. त्यामुळे कामावर असलेल्या जुन्या कामगाराला थोडा आधार मिळाला. दाराबाहेर पडलेल्याला नाही. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीतील भेदभावाची धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आदी कारणे निषिद्ध ठरविली आहेत. त्यांत वय नाही. अमेरिकेने चाळिशी गाठलेल्यांसाठी १९६७ साली स्वतंत्र कायदा केला. खासगी नोकरीत वयावरून नकार देणाऱ्यास अडविणारा तसा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही.

वयस्क माणूस नवे शिकत नाही, पगार अधिक मागतो, असे मालक म्हणतात. पण त्याला विचारतो कोण? गेल्या वर्षी माझ्याच दुकानाच्या जाहिरातीत 'वय पस्तिसाच्या आत' अशी ओळ होती. ती वाचून आपल्यापैकीच एक अनुभवी हिशेबनीस अर्ज न करताच राहिले, हे मला मागाहून कळले. त्यांना मी नाकारले नाही. नाकारण्याइतकीही संधी दिली नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी : मंडळाच्या नोकरी-नोंदवहीतून वयाचा रकाना काढावा आणि अनुभवाचा घालावा. आपल्यातील दुकानदार-कारखानदारांनी ती ओळ आपल्या हाताने खोडावी. माझ्या दुकानापुरती मी ती आजच खोडली आहे.