पुढचं उद्या सांगते

हेडफोन लावलेत ना? आज बोलूया घरात कोंडलेल्या गोष्टींबद्दल.

२५ मार्च २०२०. गुढीपाडवा, आणि देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. मैत्रिणी म्हणाल्या, तुझी मजा आहे बाई, घरी बसून लिही! पण घरात भांडी होती, केर-फरशी होती, दुधाच्या पिशव्याही साबणाने धुवायच्या होत्या. पुढे एकाच टेबलावर लेकीची ऑनलाइन शाळा आणि माझी कथा. शाळाच जिंकायची.

मग बाबांना कोविड वॉर्डात ठेवलं. भेटायला बंदी. मी रोज रात्री दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवायचे. सांगणार काय? पोळी करपली, खिडकीतल्या कुंडीत कबुतरीने दोन अंडी घातली. निळ्या टिका दिसल्या की मगच झोप यायची. एका रात्री उत्तर आलं. धाप लागलेला आवाज: "पिल्लं बाहेर आली का गं?"

गोष्टीला मोठा प्रसंग लागत नाही, 'उद्या' लागतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी... एक संपली तरी पुढची आहेच. कोंडलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

बाबा घरी परतले, तोवर पिल्लांना पिसं फुटली होती.

तुमच्या ओळखीचं कुणी आज एकटं असेल, तर एक व्हॉइस नोट पाठवा. गोष्ट मात्र अर्धीच सांगा हं! भेटू पुढच्या भागात.