टाकी रिकामी झाली, गाळ कुठे गेला?

(भंडारा येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मित्रांनो आणि मैत्रिणींनो, आज विषय जरा घाणेरडा आहे आणि जेवण अजून व्हायचं आहे. माफ करा, पण हा विषय आपण नेहमी जेवणानंतरवरच ढकलत आलो आहोत.

आमच्या घरची संडासाची टाकी भरली होती. टँकरवाला आला, पाइप सोडला, अर्ध्या तासात काम झालं. मी पैसे दिले. पण ‘भाऊ, हे ओतणार कुठे?’ एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. दोन दिवसांनी गावाबाहेरच्या नाल्यावरून जाताना वास आला आणि उत्तर मिळालं. तो नाला वैनगंगेला जातो. वैनगंगेचंच पाणी आपण पितो, त्यानंच वुजू करतो.

नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येतं, ही आपली जुनी तक्रार आहे आणि ती रास्तच आहे. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं. पुढे धरणात पाणी अडलं, तशी वाहती नदी संथ झाली आणि घाणही तिथेच थांबू लागली. पण नागपूरकडून हिशेब मागायचा तर आपल्या टाकीचा हिशेबही द्यावा लागेल.

पुष्कळांना वाटतं, सांडपाणी प्रक्रिया केंद्र झालं की प्रश्न मिटला. तसं नाही. केंद्रात घाण नाहीशी होत नाही, ती पाण्यातून काढून बाजूला ठेवली जाते. ही बाजूला काढलेली घाण म्हणजे गाळ. त्याची नीट सोय झाली नाही, तर तो पहिल्या पावसात पुन्हा नदीत जातो. मग पाणी साफ करायला खर्च केलेले पैसेही वाहून गेले, असंच म्हणायचं.

गाळाची खरी अडचण म्हणजे त्यातलं पाणी. शंभर किलो पातळ गाळात साधारण दोन किलोच घन पदार्थ असतात, बाकी अठ्ठ्याण्णव किलो पाणी. हे पाणी काढून घन भाग वीस टक्क्यांवर आणला, तर शंभर किलोचे दहा किलो होतात. जिथे दहा टँकर लागत होते, तिथे एकाचं काम उरतं. वाहतूक स्वस्त झाली की नाल्यात ओतण्याचा मोहही कमी होतो.

पाणी काढायचं कसं? घरात दही फडक्यात बांधून टांगलं की चक्का होतो, तसंच. फक्त गाळाचे कण फार बारीक असतात आणि एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे पाणी सोडत नाहीत. म्हणून त्यात पॉलिमर घालतात. दूध फाटल्यासारखे पुंजके तयार होतात आणि मग ते यंत्रात दाबून पाणी वेगळं करता येतं. पॉलिमर कमी पडलं तर पाणी सुटत नाही. जास्त झालं तर गाळ चिकट होतो आणि पैसेही वाया जातात. गाळ रोज सारखा नसतो, म्हणून काचेच्या भांड्यात थोडा गाळ घेऊन मात्रा तपासत राहावी लागते. महागडं यंत्र बसवलं आणि ही साधी तपासणी सोडली, तर यंत्राचा उपयोग नाही.

लहान शहराला यंत्राशिवायही जमतं. खाली खडी, वर वाळू, त्यावर वीतभर गाळ पसरायचा. काही पाणी खाली झिरपतं, बाकी ऊन खेचून घेतं. आपल्याकडे उन्हाची कमी नाही! पण भंडारा धानाचा जिल्हा आहे, पाऊसही भरपूर. वाफ्यांवर पारदर्शक छप्पर नसेल, तर चार महिने काम बंद. खाली झिरपलेलं पाणीही घाणच असतं, त्यावर पुन्हा प्रक्रिया हवी.

वाळलेला गाळ लगेच शेतात टाकू नका. जंतांची अंडी वाळूनही बराच काळ जिवंत राहतात. ओल्या कचऱ्याबरोबर त्याचं कंपोस्ट करताना ढिगाचं तापमान पंचावन्न अंशांवर काही दिवस टिकलं पाहिजे. गाळात जड धातू नाहीत ना, हेही तपासलं पाहिजे. म्हणून वर्कशॉपमधलं ॲसिड आणि ऑइल गटारात सोडू नये.

हे आपल्या राज्यात होऊ शकतं का? सातारा जिल्ह्यातल्या वाईनं २०१८ मध्ये करून दाखवलं. तिथे टाकी भरून वाहण्याची वाट पाहत नाहीत. दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची पाळी येते आणि गाळ प्रक्रिया केंद्रातच जातो. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनंही ही वाट धरली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय असं काम करून घेणं गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. पण गेलेला माणूस तीस लाखांनी परत येत नाही. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलं गेलं, आणि आपल्या समाजातही हलालखोर म्हणून वेगळे बसवलेले लोक होते, हे विसरू नका. पाकीला दीनचा अर्धा हिस्सा मानायचं आणि पाकी राखणाऱ्याला दूर बसवायचं, हे जुळत नाही.

तुम्ही काय कराल? आपलं घर, मशीद, मदरसा, शादीखाना यांच्या टाक्या शेवटच्या कधी उपसल्या, याची यादी करा. टँकरवाल्याकडून पावती घ्या आणि गाळ कुठे टाकणार ते विचारा. आपल्या नगर परिषदेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीनच प्रश्न लिहा: शहरात रोज किती गाळ निघतो, त्यातलं पाणी कसं काढता, आणि उरलेला गाळ कुठे जातो?

मी माझ्या टँकरवाल्याला पुन्हा भेटलो. तो म्हणाला, “साहेब, टाकायला जागा दाखवा, तिथे टाकतो.” चूक एकट्या त्याची नव्हती. ती जागा मागणं हे आपलं काम आहे, आणि ते आज जेवण झाल्यावर यादीपासून सुरू करू या.