मेलेल्या बैलाला भाव, जित्या बैलाला नाही

(धुळे येथील जिल्हा मेळाव्यात एका निवृत्त पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने केलेले भाषण)



निवृत्तीच्या दिवशी कचेरीत शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळते. वेळेवर पोचायची गरज संपली की घड्याळ द्यायचे, अशी सरकारी रीत आहे. ते सगळे उरकले. आज मला सत्कारासाठी बोलावलेले नाही, हे तुमच्या अध्यक्षांनी अगोदरच बजावले. "डॉक्टरसाहेब, आमच्या ढोरांचे काय ते सांगा," म्हणाले. तेवढेच सांगतो.

मी १९८९ साली नोकरीला लागलो आणि ३४ वर्षांनी सुटलो. लागलो तेव्हा नवापूर, शहादा, तळोदा सगळे धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. तापीकाठच्या केळीपासून साक्रीच्या माळावरच्या ठेलाऱ्यांच्या मेंढ्यांपर्यंत हिंडलो. मोटारसायकलला मागे पेटी बांधलेली, पेटीत कॅल्शियमच्या बाटल्या, पोटफुगीची सुई, खच्चीकरणाचा चिमटा आणि दोरखंड. औषध नसले तर चालवून नेता येते, दोरखंड नसला तर काहीच होत नाही.

या नोकरीत मी जनावरांपेक्षा माणसाच्या हिशेबाबद्दल जास्त शिकलो. ताजी व्यालेली गाय दुधाच्या तापाने आडवी पडली की शेतकरी रात्री दोन वाजता दार वाजवतो. शिरेतून कॅल्शियम सोडले की पाहता पाहता गाय कान हलवते, उठून उभी राहते. या धंद्यात इतके चटकन यश दुसरे नाही. घरातल्या बाईच्या डोळ्यांत पाणी येते आणि डॉक्टरला देवपण मिळते. पण त्याच गोठ्यात, दुसऱ्या टोकाला, खांदा आलेला म्हातारा बैल उभा असतो. त्याच्यासाठी कोणी दार वाजवत नाही. शहरातली शिकलेली माणसे म्हणतील, शेतकरी निर्दय आहे. मी एकही निर्दय शेतकरी पाहिला नाही. ज्याच्या मानेला पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप चोळले, त्याच्यावर तो दोनशे रुपयांचे औषध का करत नाही? कारण त्या बैलाची बाजारात किंमत शून्य आहे आणि औषधाची किंमत शून्य नाही. उपचार किती करायचा हे शेवटी डॉक्टर ठरवत नाही, जनावराचा भाव ठरवतो.

आता सरकारच्या बाजूचे आधी सांगतो, म्हणजे नुसती तक्रार केल्यासारखे होणार नाही. बुळकांडी हा शब्द इथल्या पोरांनी ऐकलेलाही नसेल. आजोबांना विचारा. गावेच्या गावे बैलांवाचून रिकामी होत. या रोगाशी झुंजायला इंग्रजांनी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा काढली, ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली. १९५४ पासून देशभर लस टोचण्याचे काम चालले. मी नोकरीला लागलो तेव्हा शेवटचा जोर होता. पहाटे गावात जायचे, ढोरे चरायला सुटण्याआधी. कोणाकडून पैसा नाही, कोणाला सवलत नाही, गावातले एकही जनावर सोडायचे नाही. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला, २०११ साली सारे जग. माणसाची देवी गेली, त्यानंतर जगातून मुळासकट गेलेला हा दुसराच रोग. ठरवले तर सरकारला काम जमते, याचा हा पुरावा आहे.

मग रोजच्या कामात ते का जमत नाही?

ज्वारीचे उदाहरण घेऊ. पावसाने ओढ दिली की कोवळी ज्वारी किराळते. भुकेले ढोर त्यात शिरले, चार घास खाल्ले, की धापा टाकत खाली येते. त्यावर सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन आहे, महागही नाही. पण हातात वेळ मोजका, कधी तासभरसुद्धा नाही. आता डॉक्टर कुठे आहे? राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली सांगून ठेवले की पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य पाहिजे. माझ्याकडे माझा दवाखाना होता आणि वर्षानुवर्षे आणखी दोन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार. तीन गावांच्या तीन खुर्च्या आणि बसणारा एक. फोन आला की मी पाहिजे तिथे सोडून दुसरीकडे असायचो. श्रेणी दोनच्या दवाखान्यांत पदविका घेतलेले पर्यवेक्षक असतात. कायदा म्हणतो, त्यांनी किरकोळ उपचार डॉक्टरच्या देखरेखीखाली करावेत. देखरेख करणारा तीस कोसांवर असेल तर त्या बिचाऱ्याने काय करावे? तो करतो, त्याला यावेच लागते, आणि ढोर मेले तर शिव्याही तोच खातो. आता १९६२ हा क्रमांक फिरवला की फिरते पथक मिळते. चांगली सोय आहे. पण किराळलेले ढोर पथकाची वाट पाहत नाही. माझी जागा मी सोडली त्या दिवसापासून रिकामी आहे. सकाळी शिपाई कुलूप काढतो, झाडलोट करतो, दुपारी कुलूप लावतो.

भावाचा मुद्दा मला पहिल्यांदा लख्ख कळला तो नवापूरला. १८ फेब्रुवारी २००६ ला तिथे बर्ड फ्लू जाहीर झाला, देशातला पहिला. आम्हाला जिल्ह्याजिल्ह्यांतून तिकडे बोलावले. अंगभर झबले, तोंडाला मुखवटा, आणि लाखांनी कोंबड्या मारून खड्ड्यात पुरायच्या. पुढे मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांना तोच रोग निघाला. मोठ्या शेडवाल्याकडे कागद असतात, त्याचा हिशेब लिहून होतो. पाड्यावरच्या बाईकडे पाच कोंबड्या असतात, तेवढीच तिची बँक. जिथे पैसे हातावर मिळाले तिथे बायांनी स्वतः कोंबड्या धरून आणून दिल्या. जिथे "नंतर मिळतील" असे सांगितले, तिथे कोंबड्या कणगीत, धाब्यावर, नातेवाइकांच्या गावी गेल्या. रोग त्यांच्याबरोबर गेला असता तर कोणाला दोष दिला असता? साथीचा बंदोबस्तसुद्धा लसीइतकाच रोख पैशावर चालतो, हे मी त्या खड्ड्याच्या काठावर पाहिले.

आणि मग २०२२. त्या वर्षीच्या साथीत लम्पी आपल्या राज्यात पहिल्यांदा सापडला तो शेजारीच, जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला, ऑगस्टच्या सुरुवातीला. अंगभर गाठी, ताप, पायांवर सूज. डास, माश्या, गोचीड यांनी पसरणारा रोग. त्यावर आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस वापरली. ती फुकट दिली, झपाट्याने दिली. गुरांचे बाजार बंद झाले. निवृत्तीला वर्ष उरले असताना मी तरुणपणीसारखा पहाटे गोठ्यांतून हिंडलो.

सरकारने लम्पीने मेलेल्या जनावरांना मदत जाहीर केली. दुधाळ गाय ३० हजार, ओढकामाचा बैल २५ हजार, वासरू १६ हजार. मी याला नावे ठेवत नाही, ज्याचा बैल गेला त्याला आधार झाला. पण पंचनामे लिहिताना एक गोष्ट मनातून जाईना. रोगाने मेलेल्या बैलाची किंमत सरकारला रुपयात ठरवता येते. म्हातारपणाने खुंट्याला उभ्या असलेल्या जित्या बैलाची किंमत मात्र त्याच सरकारने शून्यावर आणून ठेवली आहे.

१९७६ चा राज्याचा कायदा होता. गाईची कत्तल बंद, पण शेतीला, ओढकामाला, पैदाशीला निरुपयोगी झालेला बैल दाखला घेऊन विकता येई. त्या पैशात भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा आणी. दाखल्याचा गैरवापर होई, हे मी आमच्याच खात्यात राहून नाकारणार नाही. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही बंदीत आले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ही बंदी कायम ठेवली. म्हैस या बंदीत नाही. म्हणून आज गोठ्यात पाहा, भाकड म्हशीला गिऱ्हाईक आहे, भाकड गाईला नाही. शेतकऱ्याला पूज्यभाव शिकवायला कोणी यायची गरज नाही. मी विचारतो ते फक्त खर्चाचे. बैल रोज सहा किलो कडबा खातो असे धरले तरी वर्षाला २२ क्विंटल होतात. हा कडबा कोणी द्यायचा? समाजाला बैल सांभाळायचा असेल तर खुशाल सांभाळावा, पण वैरणीचे बिल एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावावर का?

देशाच्या पशुगणनेत २०१२ ते २०१९ या सात वर्षांत गाय-वर्गातले नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. ट्रॅक्टर हे त्याचे मोठे कारण आहे, सगळे खापर कायद्यावर फोडणे खरे नाही. पण ज्या गोऱ्ह्याला म्हातारपणी किंमत नाही, त्याला लहानपणी दूध कोण पाजील? वासरू नर निघाले की आचळाला तोंड लावू देत नाहीत. त्याला जंत होतात, हगवण लागते, आणि ते माझ्याकडे येतच नाही. आपल्या भागातला थिल्लारी बैल, तापीकाठची शान, तो असा गोठ्यातच संपत चालला आहे. मी शेवटच्या पाच वर्षांत तपासलेल्या गोऱ्ह्यांपेक्षा जास्त गोऱ्हे पहिल्या एका वर्षात तपासले होते.

तुमच्या ठरावात दोन गोष्टी घाला एवढीच विनंती आहे. रिकाम्या दवाखान्यांची यादी तालुकावार मागा, नावानिशी, आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. मोघम "पदे भरा" म्हटले की मोघम उत्तर मिळते. आणि निरुपयोगी जनावराची विल्हेवाट मालकाच्या हाती द्या, नाहीतर वैरणीचा पैसा दरमहा द्या, अशी स्पष्ट मागणी करा. दोन्हीपैकी कोणतीही चालेल.

पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्या, डॉक्टर नसला तरी मागणीअर्ज देऊन ठेवा. माझा फोन अजून तोच आहे. आता प्रश्न विचारा. मागे बसलेल्या बायांनी आधी विचारावेत, दावणीचा हिशेब त्यांच्याकडे असतो.