काळ्या कातळातले होकायंत्र

वेल्ह्याचे तोरणा-राजगड आणि भोरचे रोहिडा-रायरेश्वर एकाच काळ्या दगडाचे, बेसाल्टचे बनले आहेत. तिथल्या एखाद्या ओढ्याच्या सुक्या वाळूतून लोहचुंबक फिरवून पाहा. काळे कण चटकन चिकटतील. हे मुख्यतः मॅग्नेटाइट, म्हणजे लोह आणि ऑक्सिजनचे संयुग. त्यात थोडे टायटॅनियमही मिसळलेले असते.

मॅग्नेटाइटमधला लोहाचा प्रत्येक अणू हा चिमुकला चुंबकच. या अणूंचे दोन गट असतात आणि त्यांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना असतात. मात्र रस्सीखेचीत एक बाजू भारी ठरावी तसा एक गट वरचढ ठरतो आणि तेवढे चुंबकत्व उरते. हे कोडे फ्रान्सच्या लुई नेएल यांनी १९४८ साली उलगडले. १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शुद्ध मॅग्नेटाइटमधली ही शिस्त सुमारे ५८० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते. त्यापुढे ती मोडते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. ते थंड होताना कणांत ही शिस्त आली आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या वेळची दिशा दगडात कायमची नोंदली गेली. १९५०च्या दशकात ब्रिटनमधील क्लेग आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सहस्रबुद्धे यांच्यासारख्या अभ्यासकांनी दख्खनच्या दगडातली ही नोंद वाचायला घेतली. या वाचनातून दोन गोष्टी उमगल्या. सह्याद्रीच्या खालच्या थरांतली दिशा आजच्या उलट आहे. म्हणजे तेव्हा होकायंत्राच्या सुईचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळले असते. शिवाय त्या दिशेचा कल सांगतो, की लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे ३० अंशांवर होती. आज भोर उत्तरेला १८ अंशांवर आहे!

ही नोंद वाचण्याची अट एकच. दगड जागेवरून काढण्यापूर्वी त्यावर उत्तर दिशेची खूण करावी लागते. सुरुंगाने उडालेल्या दगडात चुंबकत्व राहते, पण तो मुळात कुठे तोंड करून होता हे कोणीच सांगू शकत नाही. घरांना खडी हवी, घाटांना रस्ते हवेत, हे खरेच. पण नवा घाट फोडताना किंवा खाण खणताना थराथरातले चार-दोन नमुने खूण करून आधी काढून ठेवले, तर काम अडणार नाही आणि नोंदही वाचेल. एकदा खडी झाली, की ते पान पुन्हा वाचता येत नाही.