पहिला ऐकणारा माणूस



भिवापुरी मिरचीनं या तालुक्याचं नाव दूरवर नेलं. त्याच मिरचीच्या तोड्याला जाणाऱ्या हातांनी आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कितीकांची फी भरली. आजचा मान त्या हातांचाही आहे. पण ज्यांच्या पाठीवर असा हातच नसतो, त्या मुलांविषयी मी आज बोलणार आहे.

त्यांच्यातल्या कुणावर गुन्ह्याचा आरोप आला, की कायदा त्याला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. गाव म्हणतं, ‘रिमांड होमचा पोरगा’. चौकशी चालू असेपर्यंत त्याला निरीक्षणगृहात ठेवतात, ते त्याची काळजी घेतली जावी म्हणून. तिथं सांभाळणाऱ्यानंच अत्याचार केला, तर त्या मुलानं सांगायचं कुणाला? फाटकाची किल्ली त्याच माणसाकडे असते.

सांभाळणाऱ्यांनीच केलेल्या अशा अत्याचाराचं एक प्रकरण मुंबईत घडलं. तिथं ‘अँकरेज’ ही बेघर मुलांची आश्रयगृहं होती. तिथल्या मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल सत्र न्यायालयानं २००६ मध्ये दोन ब्रिटिश नागरिकांना सहा वर्षांची शिक्षा दिली. २००८ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या साक्षीवर विश्वास ठेवला आणि शिक्षा पुन्हा कायम केली. रस्त्यावरच्या पोरांचा शब्द देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर टिकला.

त्या वेळी बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा नव्हता. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. निरीक्षणगृहाच्या कर्मचाऱ्यानं तिथल्या बालकावर बलात्काराच्या स्वरूपाचा अत्याचार केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षं सक्तमजुरी आहे. पीडित मुलगा असो की मुलगी, कायदा एकच. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मार्ग अनेक आहेत. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करता येतो. कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही. बाल न्याय मंडळानं महिन्यातून एकदा तरी गृहाची पाहणी करायची असते. मूल तिथंही बोलू शकतं. त्याचा जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा, असं कायदा सांगतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील मोफत देतं, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विशेष न्यायालय नुकसानभरपाई देऊ शकतं, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. बालपणी गप्प राहिलेला माणूस मोठेपणीही उभा राहू शकतो. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते.

तरीही कायदा आपोआप चालत नाही. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं, कपड्यांवरून झालेला स्पर्श पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला होता. त्याविरुद्ध दाद मागितली गेली, म्हणून त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. स्पर्शामागचा हेतू महत्त्वाचा, असं सांगितलं.

दाद मागणारं कुणीतरी लागतं, आणि त्याच्याही आधी ऐकणारं कुणीतरी लागतं. उद्या तुम्ही शिक्षक व्हाल, परिचारिका, पोलीस, ग्रामसेवक, वकील व्हाल. निरीक्षणगृहातून घरी परतलेला एखादा मुलगा कधीतरी तुमच्याजवळ अडखळत बोलेल. त्याला ‘तू काय केलं होतंस?’ असं विचारू नका. त्याच्या गुन्ह्याचा हिशेब मंडळाकडे आहे. त्याच्यावर झालेल्या गुन्ह्याचा हिशेब तुमच्याकडे आला आहे. त्याचं नाव गावात फुटू देऊ नका, बदनामीच्या भीतीनं प्रकरण मिटवू नका. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही ती पोलिसांना न देणं हा गुन्हा आहे.

आज तुमच्या हाती पदवी आली आहे. ते मूल बोलेल तेव्हा आधी त्याच्यावर विश्वास ठेवा, आणि त्याच दिवशी त्याच्यासोबत ठाण्याची पायरी चढा.