‘वय झालं’ म्हणण्याआधी

(प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, गावोगावच्या बायकांबरोबर आरोग्याचं काम करणारी कार्यकर्ती आहे. ही बाई तुमच्याकडे येते ती मजुरी बुडवून. ‘हातपाय दुखतात’ एवढंच सांगते. बाहेर रांग असते. ‘वय झालं’ म्हणून तिला वेदनाशामक गोळ्या मिळतात. गोळ्या संपल्या की दुखणं परत. मग ती कुठेतरी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेते. चार दिवस बरं वाटतं, पण मूळ आजार तसाच राहतो. असं वारंवार होत राहिलं, की हाडंही ठिसूळ होतात.

हे दुखणं थोडक्यांचं नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाची घरोघर पाहणी सुरू झाली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८ जणांना, सांधे-स्नायूंची तक्रार होती. आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हजारात पाचेक जणांनाच होता. पण तो पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीने आढळतो, आणि पहिल्या एक-दोन वर्षांतच सांधा खराब करू लागतो. दुखणाऱ्या अनेकींतून ही एक वेळेवर ओळखणं, हे पहिल्या डॉक्टरचंच काम आहे.

त्याला महागडं यंत्र लागत नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ‘गाल्स’ ही काही मिनिटांची तपासणी मांडली. तीत आधी तीन प्रश्न आहेत: कुठे दुखतं-आखडतं का? कपडे स्वतः घालता येतात का? जिना चढता-उतरता येतो का? मग चाल, हात, पाय आणि पाठीचा कणा पाहायचा. आपल्याकडे त्यात भर घाला: धुणं पिळता येतं का? भाकरी थापता येते का? उकिडवं बसून उठता येतं का? सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात? अर्धा-पाऊण तासाहून जास्त आखडत असतील, सांधे सुजले असतील, पंजा आडवा दाबल्यावर कळ येत असेल, तर तिला लगेच तज्ज्ञाकडे पाठवा.

तिथून ती मेथोट्रेक्सेट घेऊन परत तुमच्याकडेच येणार. ही गोळी आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जीवावर बेतते. वार ठरवून द्या, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा. गरोदरपणात हे औषध चालत नाही. म्हणून दिवस राहण्याचा विचार आहे का, हे तिलाच विचारा, सासूला किंवा नवऱ्याला नको.

बाकीच्या बऱ्याच जणींचं दुखणं झिजेचं किंवा कष्टाचं असतं. त्यांना नुसतं ‘विश्रांती घ्या’ सांगून भागत नाही. गुडघ्यासाठी मांडीचे व्यायाम करून दाखवा. घरातलं ओझं कोण कोण उचलतं, हेही विचारा.

या शिबिरात फळ्यावरची चित्रं कमी असोत. दुखणाऱ्या बायकांना सन्मानाने, त्यांच्या संमतीने बोलवा. त्यांचे सांधे हात लावून तपासायला शिका, आणि त्या सांगतील ते पूर्ण ऐकून घ्या.