नळी मोकळी, भिंत तापलेली
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तू काय काम करतेस ते थोडक्यात सांग." मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. वैद्यकीय उपकरणांमधून येणारे संदेश वाचणारं सॉफ्टवेअर लिहिते. त्याच क्षेत्रातल्या एका प्रश्नाबद्दल आज बोलते, कारण आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आलो आहोत आणि आपल्या तुकडीतला एक मित्र आज इथे नाही. तो गेला तेव्हा आपल्या ग्रुपवर अनेकांनी विचारलं, "रोज टेकडी चढायचा, रिपोर्टही चांगले होते, मग असं कसं झालं?"

प्रत्येकाचं कारण वेगळं असू शकतं. पण एक गोष्ट समजून घेऊ. अँजिओग्राफीत दिसते ती रक्तवाहिनीतली मोकळी जागा. भिंतीत काय चाललंय ते दिसत नाही. चरबीचा साठा बराच काळ भिंतीतच, बाहेरच्या अंगाला फुगत वाढतो. १९८८ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या २९ रुग्णांपैकी १९ जणांची पुढे बंद पडलेली वाहिनी आधीच्या अँजिओग्राफीत निम्म्याहूनही कमी अरुंद होती.

मग धोका कुठे असतो? साठ्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा असतो. आत पांढऱ्या पेशी जमून दाह सुरू झाला की तो आणखी पातळ होतो. फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद पडू शकते.

दाह करणाऱ्या या पेशी साखर भराभर खातात. शास्त्रज्ञांनी हाच धागा पकडला. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून द्यायची. तिचा किरणोत्सार दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. तिच्यातून निघणारे पॉझिट्रॉन शरीरात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात. म्हणून कॅथेटरच्या टोकाला बारीक सेन्सर बसवून तो थेट वाहिनीत न्यायचा. तिथे पॉझिट्रॉन सापडले, तर दाह अगदी शेजारच्या भिंतीत आहे असं समजायचं.

आता आमच्यासारख्यांचं काम सुरू होतं. हृदयाचा स्नायूही तीच साखर खातो आणि त्याच्याकडून येणारे गॅमा किरण सगळीकडून सेन्सरवर आदळतात. लग्नाच्या बँडसमोर उभं राहून शेजारणीची कुजबुज ऐकण्यासारखं आहे हे! उपाय असा, की दुसरा सेन्सर फक्त गॅमा मोजतो आणि ती मोजणी पहिल्यातून वजा करायची. शिवाय १०० कण मोजले, तर १० चा चढउतार निव्वळ योगायोगाचा असतो. ही अनिश्चितता निम्मी करायची तर चौपट वेळ मोजावं लागतं. पण धडधडत्या हृदयात कॅथेटर किती वेळ स्थिर ठेवणार?

म्हणूनच हे तंत्र अजून दवाखान्यात रुळलेलं नाही. आणखीही एक अडचण आहे. निरोगी वाटणाऱ्या माणसाच्या हृदयात उगाच कोणी नळी घालत नाही. शिवाय दाह एकाच जागी नसतो. आज एक जागा शांत, तर उद्या दुसरी तापते. एक ठिकाण शोधून भागत नाही, सगळ्या वाहिन्यांची काळजी घ्यावी लागते.

सुदैवाने त्यासाठी सेन्सर लागत नाही. तंबाखू-सिगारेट सोडणं, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासणं, डॉक्टरांनी दिलेली गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद न करणं, एवढं आपल्या हातात आहे. रिपोर्ट चांगला आला तरी छातीत दाब, धाप, थंड घाम जाणवला तर "अॅसिडिटी असेल" म्हणून घरी थांबू नका. मैत्रिणींनो, हे तुम्हाला खास सांगते. आपल्याला कधी नुसता थकवा, मळमळ किंवा जबडा-पाठ दुखणं एवढंच जाणवतं आणि आपण आधी घरच्यांचं जेवण उरकतो. तसं करू नका. लगेच दवाखाना गाठा.

विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला मोजायला शिकवलं. त्या शिकवणीवर माझं घर चालतं. आज त्या समोर बसल्या आहेत, त्यांना नमस्कार करते आणि थांबते.